घरपोच माल आणि ग्राहकाचे गाऱ्हाणे

विषयाचे नाव वाचून काही श्रोत्यांच्या कपाळावर आठी उमटली असेल. वसंतातल्या व्याख्यानमालेत संतवाङ्मय व्हावे, इतिहास व्हावा, फार तर उसाच्या भावावर कोणी बोलावे. तेथे संगणकाचे सुटे भाग आणि ते घरपोच पाठविणारी दुकाने यांचे काय काम, असे कोणी विचारले तर ते गैर म्हणता येणार नाही. आमचे उत्तर एवढेच की, आज आमच्या वसाहतीत ज्या घरी मुलगी बारावीला आहे त्या घरी संगणक आहे, ज्या पतसंस्थेत आपण ठेव ठेवतो तेथे तो आहे, आणि कामगार संघटनेच्या कचेरीतही तो आहे. तो बंद पडला की काम बंद पडते. त्याचा बिघडलेला भाग वालचंदनगरात किंवा जंक्शनच्या नाक्यावर मिळेलच असे नाही. बारामतीला मिळाला तर मिळाला, नाहीतर पुणे. म्हणून माणूस फोन उघडतो आणि भाग मागवितो. पुढे जे होते त्यासंबंधी आज बोलावयाचे आहे.

प्रथम एक गोष्ट सांगून टाकतो. मागविलेला माल बहुतेक वेळा नीट येतो. तसे नसते तर ही दुकाने चाललीच नसती. जेवणाच्या सुट्टीत फोनवर बोट टेकवावे आणि चौथ्या दिवशी दारात खोके हजर व्हावे, ही सोय लहान नव्हे. पूर्वी ती मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत स्वतः जाणाऱ्यालाच होती. आज ती आडगावालाही मिळाली याचे आम्हांला कौतुकच आहे. आमचे गाऱ्हाणे माल बिघडलेला निघाल्यानंतर जो कारभार चालतो त्याविषयी आहे. खरेदीला वाड्याचा दिंडी दरवाजा उघडा आणि तक्रारीला मोरीचे भोक, असा हा प्रकार आहे.

घरबसल्या माल मागविणे ही काही आजची कल्पना नव्हे. आपल्या टपालखात्याने व्ही. पी. ची पद्धत १८७७ साली सुरू केली. घड्याळे, औषधे, पुस्तके अशा कितीतरी वस्तू त्या मार्गाने गावोगाव गेल्या. पोस्टमनच्या हाती पैसे ठेवावयाचे आणि मग पुडके सोडावयाचे. आत काय निघते हे पोस्टमनला ठाऊक नसे. २००७ साली फ्लिपकार्ट निघाले, २०१० साली त्याने माल हाती आल्यावर पैसे देण्याची सोय केली, २०१३ साली ॲमेझॉनने आपल्या देशात दुकान मांडले. तेव्हा तरुणांना हे सारे नवे वाटले, पण म्हाताऱ्या माणसांना व्ही. पी. आठवली असल्यास नवल नाही. एक फरक मात्र मोठा आहे. व्ही. पी. च्या काळात विकणारा एक असे, जाहिरातीखाली त्याचा पत्ता असे, आणि माल वाईट निघाला तर निदान त्या पत्त्यावर चार खरमरीत ओळी लिहिता येत. आज विकणारा कोण, हाच पहिला प्रश्न आहे.

खोके हातात घ्या आणि त्यावरची नावे मोजा. ज्याच्या फलकाखाली आपण खरेदी केली ती बाजार चालविणारी कंपनी एक. तिच्या बाजारात गाळा घेतलेला विक्रेता दुसरा. बिल त्याच्या नावाचे असते आणि तो दिल्लीचा, बंगळूरचा किंवा भिवंडीच्या गोदामातला असू शकतो. खोके वाहून आणणारी कुरिअर कंपनी तिसरी. वस्तूवर जिचे नाव आहे ती परदेशी कंपनी चौथी. तिचा माल देशात आणून वाटणारा वितरक पाचवा, आणि वॉरंटीत दुरुस्ती करणारे सेवा केंद्र सहावे. भाग चालू असेतो हे सहाही जण आपले. तो बंद निघाला की बाजारवाला विक्रेत्याकडे बोट दाखवितो, विक्रेता म्हणतो मुदत संपली आता कंपनीकडे जा, कंपनीचे सेवा केंद्र म्हणते की ही खूण वाहतुकीत मार लागल्याची आहे, आणि कुरिअर म्हणते की खोके सीलबंद होते, तुम्ही सही केली आहे.

आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना हे चित्र परके नाही. ठेकेदाराकडच्या कामगाराचा पगार थकला की ठेकेदार म्हणतो, कंपनीने बिल काढले नाही; कंपनी म्हणते, हा आमचा माणूसच नव्हे. या टोलवाटोलवीवर १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याने एक साधा उतारा काढला होता: ठेकेदाराने पगार दिला नाही तर मूळ मालकाने तो द्यावा व मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावा. नोव्हेंबर २०२५ मध्ये तो कायदा जाऊन त्याच्या जागी नवी संहिता आली, तरी हे तत्त्व तिच्यातही कायम आहे. मजुराने दोन मालकांमध्ये चेंडूसारखे उडू नये, हा त्यातला अर्थ. ग्राहकाच्या बाबतीत असाच प्रयत्न एकदा झाला. जून २०२१ मध्ये केंद्र सरकारने ई-वाणिज्याच्या नियमांत दुरुस्तीचा मसुदा काढला. त्यात विक्रेत्याने कर्तव्यात कसूर केली आणि ग्राहकाचे नुकसान झाले तर जबाबदारी बाजार चालविणाऱ्या कंपनीवर यावी, अशी तरतूद सुचविली होती. कंपन्यांनी हरकती घेतल्या आणि मसुदा मसुद्यातच राहिला. म्हणून आजही बाजारवाला म्हणू शकतो की आम्ही केवळ मध्यस्थ आहोत. २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ७९ व्या कलमाने मध्यस्थाला काही अटींवर संरक्षण दिले आहे, आणि त्या कलमाच्या आडोशाला उभे राहणे मोठ्या कंपनीला सोयीचे पडते. फलक आमचा, पैसे आमच्या हाती, जाहिरात आमची, आणि जबाबदारी मात्र गाळेवाल्याची, ही वाटणी आम्हांला न्यायाची वाटत नाही.

आता कोणी म्हणेल, साडी घेतली, चपला घेतल्या, तरी हेच सारे असते. मग संगणकाच्या भागांचेच एवढे काय? तर साडीचा दोष डोळ्यांना दिसतो. चपलेचा पायाला कळतो. संगणकाच्या भागाचा दोष तो दुसऱ्या चार भागांशी जोडल्यावाचून कळतच नाही, आणि जोडला की तो ‘वापरलेला’ ठरतो. शिवाय नावात एका अक्षराचा फरक असला तरी भाग बसत नाही. डीडीआर-४ जातीची रॅम डीडीआर-५ च्या खाचेत जात नाही. मेजावरच्या संगणकाची पट्टी लांब असते, मांडीवरच्या संगणकाची आखूड. प्रोसेसर ज्या बैठकीत बसतो तिच्यात नाजूक टाचण्या असतात. इंटेलच्या एका प्रचलित बैठकीचे नावच त्या टाचण्यांच्या संख्येवरून १७०० असे पडले आहे. सतराशेंपैकी एक वाकली तरी यंत्र मुकाट. आणि ती कोणी वाकविली, कारखान्याने, गोदामाने, वाटेतल्या धक्क्याने की तुमच्या बोटाने, हे मागाहून सिद्ध करणे जवळजवळ अशक्य. सेवा केंद्राच्या कागदावर दोनच शब्द लिहिले जातात, ‘ग्राहकाकडून हानी’, आणि तीन वर्षांची वॉरंटी त्या दोन शब्दांत संपते.

दुसरे एक उदाहरण प्रोसेसरचेच घ्या. तो दोन तऱ्हांनी बाजारात येतो. एक कंपनीच्या रंगीत खोक्यात, दुसरा खोक्यावाचून, संगणक बनविणाऱ्यांसाठी तबकात रचून पाठविलेला. आतले यंत्र सारखेच असू शकते. सुटा थोडा स्वस्त मिळतो. इंटेलच्या खोक्यातल्या मालाला तीन वर्षांची वॉरंटी कंपनीकडून असते. सुट्याची दाद ज्याने विकला त्याच्याकडे मागावयाची. हा फरक वेबवरच्या दुकानात बारीक अक्षरांत असतो किंवा नसतोच. त्याचे महत्त्व २०२४ साली कळले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे मेजावरचे काही प्रोसेसर वाजवीपेक्षा जास्त विद्युतदाब घेऊन खराब होतात असे त्या वर्षी उघड झाले, आणि ऑगस्टमध्ये कंपनीने खोक्यातल्या मालाची वॉरंटी दोन वर्षे वाढवून पाच केली. तबकातला माल घेतलेल्यांना सांगण्यात आले की, ज्यांच्याकडून घेतला त्यांना भेटा. चार पैसे वाचविण्यासाठी माणसाने काय गमावले हे त्याला दोन वर्षांनी समजावे, हा काही चांगला व्यापार नव्हे.

आमच्या कारखान्याच्या गावात राहणाऱ्यांना माल तपासून घेण्याची पद्धत नव्याने शिकवावयास नको. फाटकातून बेअरिंगचे खोके आत येते तेव्हा ते सरळ यंत्रावर जात नाही. आवक बारनिशीत नोंद होते, चलन ताडून पाहिले जाते, माप घेतले जाते, आणि मापात नसेल तर कारण लिहून माल परत जातो. त्या कागदावर तारीख असते, सही असते. पुरवठादार कितीही मोठा असो, त्या कागदापुढे त्याला उत्तर द्यावे लागते. कारखाना स्वतःसाठी जे करतो ते कामगाराने आपल्या घरासाठी का करू नये? घरी स्टोअरकीपर नाही हे खरे. पण फोनमध्ये कॅमेरा आहे. खोक्याच्या सहाही बाजू, त्यावरचा पत्ता व वजनाची चिठ्ठी दाखवून, न थांबता, सील कापण्यापासून आतल्या वस्तूचा अनुक्रमांक दिसेपर्यंत चित्रफीत घ्यावी. मदरबोर्ड असेल तर बैठकीवरचे प्लॅस्टिकचे झाकण काढण्यापूर्वी व काढल्यावर टाचण्यांचे जवळून छायाचित्र घ्यावे, आणि ते झाकण टाकून देऊ नये. वॉरंटीत परत पाठविताना पुष्कळ कंपन्या ते मागतात. पेनड्राइव्ह किंवा साठवणीचे कार्ड असेल तर नावावर विश्वासू नये, ते पूर्ण भरून पाहावे. वर दोन हजार जीबी छापलेले आणि आत बत्तीसही नीट न मावणारे नग बाजारात पुष्कळ फिरतात, आणि परतीची मुदत उलटेपर्यंत ते निमूटपणे खोटे आकडे दाखवीत राहतात.

आमच्या कचेरीचीच एक हकीकत सांगतो, म्हणजे पुढचे समजण्यास सोपे जाईल. कचेरीतल्या संगणकासाठी आम्ही रॅमची एक पट्टी मागविली. पानावर चित्र लांब पट्टीचे, वर्णन लांब पट्टीचे, बिलावरही तेच. खोक्यात निघाली मांडीवरच्या संगणकाची आखूड पट्टी. तक्रारीसाठी फोनवरचे पान उघडले. तेथे माणूस नव्हता, यंत्र बोलत होते, आणि त्याला चारच प्रश्न येत होते. ‘चुकीची वस्तू’ हे बटण दाबले. नेण्यासाठी माणूस येईल असे उत्तर आले. पहिल्या दिवशी कोणी आले नाही. नोंद मात्र आली की ग्राहक घरी नव्हता. आम्ही त्या दिवशी सकाळपासून कचेरीत होतो, सभा होती, पंचवीस माणसे साक्षीला होती. दुसऱ्या खेपेस मुलगा आला. त्याने खोके पाहिले, सील फोडलेले आहे म्हणून घेता येत नाही म्हणाला. सील फोडल्यावाचून आत चुकीची वस्तू आहे हे कसे कळावे, असे आम्ही विचारले. तो हसला. त्यालाही पटले होते, पण त्याच्या हातातल्या यंत्राला पटत नव्हते. तिसऱ्या दिवशी तक्रारच ‘निकाली’ असा शेरा मारून बंद झाली. निकाल कोणी दिला, कोणाच्या बाजूने दिला, कशावर दिला, याचा पत्ता नाही. पुढे लेखी पत्र दिल्यावर पैसे परत आले. त्या पत्राविषयी शेवटी सांगतो.

त्या मुलाविषयी दोन शब्द आधी सांगितले पाहिजेत. रागाच्या भरात लोक त्याला बोलतात. दारात दुसरे कोणी उभेच नसते. पण त्याला दर खोक्यामागे ठरलेले पैसे मिळतात, गाडी त्याची, पेट्रोल त्याचे. बारामतीहून निघून उसाच्या फडांतून एका परतीच्या खोक्यासाठी इतक्या दूर येणे त्याला परवडत नाही आणि न आल्याची नोंद केली नाही तर त्याचे गुण कापले जातात. म्हणून तो ‘ग्राहक भेटला नाही’ असे बटण दाबतो. खोटे तो लिहितो, पण त्याला खोटे लिहावयास लावणारा दरपत्रक कोणी दुसऱ्याने केला आहे. फोनवर बोलणाऱ्या मुलीचेही तेच. तिला एका फोनला किती वेळ द्यावा हे बांधून दिलेले असते, समोर वाचावयाची वाक्ये असतात, आणि पैसे परत करण्याचा अधिकार तिच्या हाती नसतो. तिच्यावर ओरडून ग्राहकाला काही मिळत नाही. तिचे नाव, वेळ आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यावा, नमस्कार म्हणावे आणि फोन ठेवावा. भांडण वरच्याशी आहे.

आणखी एक गंमत पाहा. आपल्याकडचा सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्याची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने केली. ते संस्कृतचे मोठे पंडित होते. सारख्या नावाची गावे, निरनिराळ्या भाषांतले पत्ते, यांमुळे पत्रे भलतीकडे जात; ती नेमक्या गावी पोहोचावी यासाठी हा खटाटोप. आज त्याच सहा आकड्यांवरून दुकान ठरविते की तुमच्या गावी माल येईल, पण परत नेण्याची सोय नाही. तो भाग तुमच्या खर्चाने कुरिअरने पाठवा! मागविण्यापूर्वी परतीची सोय आपल्या पिनकोडला आहे की नाही हे त्या पानावर पाहावे, आणि नसेल तर महागाचा भाग तेथून घेऊ नये. बारामतीच्या दुकानदाराकडे तो काही शे रुपयांनी जास्त पडेल. पण तो समोर जोडून दाखवितो, आणि बिघडला तर दुकान जागेवर असते. त्या जास्तीच्या रुपयांत ही सेवा आहे हे आपण विसरतो, आणि मग दूरचा भाग घेऊन त्याच दुकानदाराकडे ‘जरा बसवून द्या’ म्हणून जातो तेव्हा तो तोंड वाकडे करतो. त्याचे चुकते असे आम्हांला वाटत नाही.

कायदा काय म्हणतो ते आता पाहू. १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा जाऊन २०१९ चा आला आणि तो जुलै २०२० मध्ये अमलात आला. त्याच महिन्यात ई-वाणिज्याचे नियम निघाले. त्यांतल्या तीन-चार गोष्टी प्रत्येकाने पाठ कराव्या अशा आहेत. अशा प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व पत्ता आपल्या पानावर दिला पाहिजे. त्याने तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात केले पाहिजे. प्रत्येक तक्रारीला क्रमांक दिला पाहिजे. सदोष, बनावट, वर्णनाप्रमाणे नसलेला किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आलेला माल परत घेण्यास व पैसे देण्यास विक्रेत्याला नकार देता येत नाही. उशीर आकस्मिक आपत्तीमुळे झाला असेल तर तेवढा अपवाद. आणि खरेदीनंतर ग्राहकाने लेखी मागणी केली तर बाजार चालविणाऱ्या कंपनीने विक्रेत्याचा मुख्य पत्ता, शाखा, ई-मेल ही सारी माहिती दिली पाहिजे. ही शेवटची गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. बुरख्याआडच्या विक्रेत्याचा चेहरा पाहण्याचा हा हक्क आहे.

खुद्द कायद्यातही एक कलम आहे. बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत, सदोष माल परत घेऊन पैसे न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. म्हणजे पानावर ‘परत घेतला जाणार नाही’ असे ठसठशीत छापले म्हणून सदोष मालाची जबाबदारी टळत नाही. तक्रार विक्रेत्याच्या गावी जाऊन करावी लागत नाही; ग्राहक राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. आपला आयोग पुण्यात आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज वेबवरून भरता येतो, दूरदृश्य पद्धतीने सुनावणी मागता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत अर्ज गेला पाहिजे. कायद्यात निकालाला तीन महिने, आणि मालाची प्रयोगशाळेत तपासणी लागली तर पाच महिने सांगितले आहेत. प्रत्यक्षात ते महिने लांबतात, हे कामगार न्यायालयाच्या पायऱ्या झिजविलेल्या आमच्यासारख्यांना कोणी सांगावयास नको. म्हणून आयोग हे शेवटचे हत्यार. त्याआधी १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. तेथे मराठीत बोलता येते. ते न्यायालय नव्हे, पण तेथून आलेले पत्र कंपनीत वरच्या टेबलावर जाते.

येथे एक शंका आमच्या ओळखीच्या तरुणाने काढली होती. हा कामगाराचा मुलगा घरोघर जाऊन संगणक दुरुस्त करतो. एका गिऱ्हाइकाचा संगणक जोडून देण्यासाठी त्याने मदरबोर्ड मागविला, तो टाचण्या वाकलेला निघाला, विक्रेत्याने ‘ग्राहकाकडून हानी’ म्हणून हात झटकले. महिन्याच्या कमाईचा मोठा भाग त्यात अडकला आणि गिऱ्हाईक दारात. त्यात त्याला कोणी सांगितले की तू धंद्यासाठी घेतलास, तू ग्राहकच नव्हेस. हे अर्धेच खरे आहे. पुन्हा विकण्यासाठी घेतलेल्या मालाला हा कायदा लागू होत नाही, हे बरोबर. पण स्वतःच्या हाताने काम करून पोट भरणाऱ्याने त्या कामासाठी घेऊन वापरलेली वस्तू ‘व्यापारी कारणासाठी’ घेतली असे धरू नये, असे कायद्यानेच स्पष्ट केले आहे. म्हणजे त्याने आपल्या कामासाठी, आपल्याच संगणकाला, तपासणीच्या उपकरणाला घेतलेला भाग संरक्षणात येतो. गिऱ्हाइकाला किंमत लावून विकलेला येणे कठीण. म्हणून अशा वेळी बिल गिऱ्हाइकाच्याच नावे घ्यावे आणि मजुरी वेगळी लावावी. मग ग्राहक तो गिऱ्हाईक ठरतो, आणि वॉरंटीचा हक्कही त्याच्याच कागदावर राहतो. त्या मुलापाशी खोके उघडतानाची चित्रफीत होती. तिच्यात झाकण काढताच वाकलेल्या टाचण्या दिसत होत्या, आणि तेवढ्यावर विक्रेत्याला दुसरा बोर्ड द्यावा लागला.

दुसरा बोर्ड, असे मुद्दाम म्हटले. पैसे परत मिळाले की न्याय झाला असे आपण समजतो. ते नेहमीच खरे नसते. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव कडाडले. स्मृतीच्या चिप बनविणाऱ्या कंपन्यांनी आपला माल कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांकडे वळविला आणि घरगुती गिऱ्हाइकाच्या वाट्याला थोडा उरला. मायक्रॉनने तर डिसेंबरमध्ये जाहीर केले की क्रूशल या नावाने सामान्य ग्राहकांना माल विकणे आपण बंद करणार. अशा दिवसांत सदोष पट्टीच्या बदल्यात जुन्या भावाने पैसे परत मिळाले, तर त्या पैशांत दुसरी पट्टी येत नाही. विक्रेत्याला मात्र तीच वस्तू चढ्या भावाने विकता येते. भाव वाढल्याबरोबर आधी घेतलेली ऑर्डर ‘माल शिल्लक नाही’ म्हणून रद्द करणे ही याच्याच पुढची पायरी. तेव्हा तक्रारीत आधी बदली वस्तू मागावी, ती नसल्यास पैसे व झालेले नुकसान. आयोगाला दोष काढून देण्याचा, वस्तू बदलून देण्याचा, पैसे परत देण्याचा आणि नुकसानभरपाईचा, असे सारे हुकूम करता येतात. पण न मागितलेले सहसा कोणी देत नाही.

एकट्याने मागण्यापेक्षा चौघांनी मागावे हे आमच्या धंद्यातले पहिले सूत्र, आणि ते येथेही चालते. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत उभी केली, त्यापुढच्या वर्षी मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे गट करून महिन्याचा माल एकत्र खरेदी करण्यास सुरुवात केली. त्या वेळी देशात ग्राहकाचा वेगळा कायदाही नव्हता. तो बारा वर्षांनी आला. आजच्या कायद्यात सारखीच तक्रार असलेले अनेक ग्राहक एकत्र अर्ज करू शकतात. एकाच विक्रेत्याने एकाच तालुक्यात दहा जणांना तोच खोटा पेनड्राइव्ह विकला असेल तर ते दहा जण एकमेकांना ठाऊक असावे लागतात, आणि अडचण तेथेच आहे. कारखान्यात कामगार एका छपराखाली असतो, ग्राहक आपापल्या घरात. आमच्या कचेरीत म्हणून आम्ही एक वही ठेविली आहे; कोणी, कोठून, काय मागविले आणि काय निघाले एवढेच तीत लिहावयाचे. पान उलटताना एकच विक्रेता दोनदा दिसला की दोघांची गाठ घालून देता येते.

एक धोका सांगावयाचा राहिला. पैसे अडकले की घाबरलेला माणूस इंटरनेटवर कंपनीच्या ग्राहकसेवेचा क्रमांक शोधतो. तेथे ठकांनी आपले क्रमांक पेरून ठेवलेले असतात. पलीकडून गोड आवाज येतो, ‘पैसे परत करतो, फोनवर आलेला आकडा सांगा’, आणि उरलेलेही जातात. क्रमांक बिलावरचा किंवा कंपनीच्या स्वतःच्या पानावरचाच घ्यावा. फसलेच तर त्याच तासाला १९३० ला फोन करावा. तो सायबर गुन्ह्यांसाठीचा सरकारी क्रमांक आहे.

आता ते पत्र. पत्र ई-मेलने तक्रार निवारण अधिकाऱ्याला जावे, प्रत विक्रेत्याला. मराठीत लिहिले तरी चालते, पण इंग्रजी जाणणारा कोणी पोरगा शेजारी असेल तर त्या भाषेतही द्यावे, म्हणजे ‘समजले नाही’ ही सबब उरत नाही. त्यात संताप नको, ‘मी आपला जुना ग्राहक’ वगैरे आर्जव नको. ऑर्डरचा क्रमांक, बिलाचा क्रमांक व तारीख, काय मागविले ते पानावरच्याच शब्दांत, काय आले ते अनुक्रमांकासह, केव्हा कळविले, कोणत्या क्रमांकाची तक्रार कोणत्या दिवशी आपणहून बंद केली गेली. चित्रफीत व छायाचित्रे जोडावी. मग मागणी एका वाक्यात: बदली वस्तू अमुक दिवसांत, नाहीतर पैसे व खर्च. विक्रेत्याचा पूर्ण पत्ता नियमाप्रमाणे कळवावा, हेही त्याच पत्रात मागावे. बहुतेक ठिकाणी या एका ओळीने टेबलामागचा माणूस सावध होतो. ४८ तासांत पोच आली नाही तर तसे दुसरे पत्र, दोनच ओळींचे. आमच्या रॅमच्या बाबतीत पहिले पत्र सोमवारी गेले, पोच बुधवारी आली, आणि चौथ्या आठवड्यात पैसे जमा झाले. आखूड पट्टी नेण्यासाठी बारामतीचा तोच मुलगा आला होता, त्याला आम्ही चहा दिला. पत्राखाली पूर्ण नाव, पत्ता पिनकोडसह, आणि तारीख घालावी. महिना तिच्यापासून मोजावयाचा असतो.